फॉरेन्सिक सायन्सची एमएस्सी : अर्ज करताना काय बघावे, आत गेल्यावर काय शिकावे लागते?

निरीक्षा (धागाकर्ती)

रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा बायोटेकची पदवी आहे आणि आता फॉरेन्सिक सायन्सच्या एमएस्सीला अर्ज करायचा आहे, तर कोर्स निवडताना नक्की काय तपासावे? माहितीपत्रके सगळी एकसारखी. पिवळी फीत, पांढरा सूट, निळा प्रकाश. त्यावरून काही कळत नाही.

माझे मत असे की पदवीच्या नावात "फॉरेन्सिक" आहे की नाही यापेक्षा आत रसायन किती, जेनेटिक्स किती आणि स्टॅटिस्टिक्स किती हे महत्त्वाचे. पण ते बाहेरून ओळखायचे कसे? एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) काय लिहावे, शिफारसपत्र कोणाचे घ्यावे, पहिल्या सेमिस्टरला मुले कुठे अडखळतात, हेही जाणकारांनी लिहावे. देशागणिक नियम बदलतात हे मान्य, पण बराचसा भाग सगळीकडे सारखाच असणार.

शून्य_नमुना

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विभागाकडून विषयवार अभ्यासक्रम मागवा. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

पहिला प्रश्न लॅबच्या तासांचा. विभागात जीसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारे यंत्र) "आहे" आणि विद्यार्थी ते स्वतः चालवतात, यात फार अंतर आहे. ईमेलमध्ये नेमके विचारा : इंजेक्टरचा लायनर बदलणे, कॉलम कापून पुन्हा बसवणे, ट्यूनिंग करणे हे विद्यार्थी करतात का? की नमुना तंत्रज्ञाच्या हाती देतात आणि दुसऱ्या दिवशी छापील आलेख घेऊन जातात? दुसऱ्या प्रकारच्या कोर्समधून बाहेर पडलेल्याला आलेखातल्या पीकला (उंचवट्याला) शेपूट का फुटली हे सांगता येत नाही, आणि केसवर्कमध्ये तोच रोजचा प्रश्न असतो.

मग इंटर्नशिप. "संधी उपलब्ध" असे लिहिले असेल तर मागच्या तुकडीतल्या किती जणांना प्रत्यक्ष मिळाली ते विचारा. चालू केसमधल्या मुद्देमालाला बाहेरच्या माणसाला सहसा हात लावू देत नाहीत. त्यामुळे इंटर्नच्या वाट्याला बहुधा व्हॅलिडेशनचे काम येते : नवीन किट किंवा नवीन पद्धत किती खाली मोजू शकते, पुन्हा पुन्हा केल्यावर तेच उत्तर देते का, हे तपासणे. ते कंटाळवाणे वाटले तरी शिकायला त्याहून चांगले काम नाही.

अमेरिकेत अर्ज करणार असाल तर फेपॅक या कोर्स तपासणाऱ्या समितीची मान्यता बघा. ही समिती अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसच्या छत्राखाली चालते. ब्रिटनमध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस कोर्सना मान्यता देते. मान्यता नाही म्हणून कोर्स टाकाऊ ठरत नाही. पण मान्यता असेल तर लॅबचे तास, विज्ञानाचे विषय आणि संशोधन प्रकल्प यांची तपासणी कोणीतरी आधीच केलेली असते.

पिपेट_आणि_टिप

वरच्या प्रतिसादाला +१. डीएनए विभागात जायचे असेल तर यात एक मोठी भर घालते, कारण इथे लोक दोन वर्षे घालवून मग अडकतात.

अमेरिकेतल्या डीएनए लॅबना एफबीआयचे गुणवत्ता निकष पाळावे लागतात. त्यानुसार अ‍ॅनालिस्टने बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि मॉलेक्युलर बायॉलॉजी हे तीन विषय शिकलेले असले पाहिजेत, शिवाय स्टॅटिस्टिक्स किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्स. पुढे टेक्निकल लीडर व्हायचे तर पदव्युत्तर पदवी आणि याच विषयांची किमान १२ क्रेडिट्स लागतात. इतर देशांत आकडे वेगळे असतील, विषय हेच.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर "झूलॉजी पेपर ४" एवढेच असते. त्यात जेनेटिक्स होते हे नोकरीच्या वेळी कागदावर दाखवता आले पाहिजे. म्हणून पदवीच्या तिन्ही वर्षांचा छापील अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुनी प्रत कोणाकडे नसते.

बेंझीन_वलय

अमली पदार्थांच्या विभागाचेही तसेच. स्वगड्रग या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशींत म्हटले आहे की अ‍ॅनालिस्टने जनरल, ऑरगॅनिक आणि अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री ही तिन्ही, प्रॅक्टिकलसकट, पूर्ण केलेली असावी. बायोटेकच्या मुलांचे अ‍ॅनालिटिकल नेमके इथे कमी पडते. अर्ज करण्याआधी एखाद्या सत्रात तो विषय भरून काढता आला तर काढा.

आणि थोडे विरोधी मत. साध्या अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीची एमएस्सी केलेला माणूस फॉरेन्सिकवाल्याइतकाच, कित्येकदा त्याहून लवकर लॅबमध्ये रुळतो. नोकरी लागल्यावर प्रत्येक लॅब नव्या माणसाला स्वतःचे प्रशिक्षण देतेच, आणि ते कित्येक महिने चालते. क्षमता-चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय सहीचा अधिकार मिळत नाही. मग दोन वर्षे "फॉरेन्सिक" कशासाठी?

साक्षीपुरावा

@बेंझीन_वलय, अर्धा सहमत. यंत्राच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे. पण केमिस्ट्रीच्या एमएस्सीत तीन गोष्टी कोणी शिकवत नाही : मुद्देमालाची हाताळणी, निकालाचा अर्थ लावण्याचे स्टॅटिस्टिक्स, आणि उलटतपासणी. या तिन्ही नीट शिकवणारा कोर्स असेल तरच फॉरेन्सिकला जा. नुसतेच "गुन्हेशास्त्राची ओळख", "न्यायवैद्यकाची ओळख" अशा ओळखींची माळ असेल तर तुमचाच सल्ला बरोबर.

मूट कोर्ट अभ्यासक्रमात आहे का हे जरूर बघा. विद्यार्थी स्वतःच्याच अहवालावर साक्ष देतो, समोर खरा वकील किंवा कायद्याचा विद्यार्थी असतो, आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळते की अहवालातला कोणता शब्द आपल्याला पेलत नाही.

गोगलगाय

फिजिक्सवाल्यांना वाव आहे का?

शून्य_नमुना

@गोगलगाय, आहे. काचेचे तुकडे, रंगाचे थर, शस्त्रांच्या आणि हत्यारांच्या खुणा, आग आणि स्फोट. काचेचेच बघा : तुकडा सिलिकॉन तेलात बुडवून तेल हळूहळू तापवतात. तेलाचा अपवर्तनांक तापमानाबरोबर कमी होत जातो, काचेचा जवळजवळ तसाच राहतो. ज्या तापमानाला तुकड्याची कड दिसेनाशी होते तिथे दोघांचा अपवर्तनांक एक. खिडकीच्या काचेचा १.५२ च्या आसपास येतो. मग खरा प्रश्न सुरू होतो : इतक्या खिडक्यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असताना "जुळला" म्हणण्याला किंमत किती? तिथे फिजिक्स संपते आणि स्टॅटिस्टिक्स लागते.

हॅश_जुळला

डिजिटल फॉरेन्सिकसाठी मात्र वेगळा कोर्स बघा. सामान्य एमएस्सीत त्याचा एखादाच पेपर असतो. राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारे साधन) लावून डिस्कची प्रतिमा घेणे, आधी आणि नंतर एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून दोन्ही जुळतात का बघणे, एवढ्यावर तो संपतो. नोकरीला ते पुरत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम, फाइल सिस्टीम आणि थोडे प्रोग्रॅमिंग पक्के हवे.

मंदाकिनी

मी प्रवेशाचे अर्ज वाचते, म्हणून एसओपीबद्दल लिहिते. आधी एक गंमत : अर्जातली एसओपी म्हणजे उद्देशपत्र आणि लॅबमधली एसओपी म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती. पहिलीत दुसरीची थोडी शिस्त उतरली तर अर्ज उठून दिसतो.

"लहानपणापासून गुन्ह्यांची उकल करण्याची ओढ होती" या वाक्याने सुरू होणारी उद्देशपत्रे ढिगाने येतात. ते खोटे असते असे नाही, पण त्यातून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी पदवीतला एखादा प्रयोग घ्या, जो आधी फसला. काय अपेक्षित होते, काय आले, कारण कसे शोधले, ब्लँक (नमुना न घालता केलेली तीच चाचणी) काय दाखवत होता. दहा ओळींत हे नीट मांडणाऱ्याला लॅबमध्ये विचार करता येतो, एवढे कळते.

दुसऱ्या परिच्छेदात त्याच विभागाबद्दल लिहा आणि नेमके लिहा. "आपल्या नामांकित संस्थेत" हा शब्दप्रयोग गाळा. विभागातल्या कोणाचे संशोधन कशावर आहे ते वाचा आणि त्यातला एक प्रश्न तुम्हाला का महत्त्वाचा वाटतो ते सांगा. पूर्ण पत्र दोन पानांच्या आत. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील तर कारण दोन ओळींत सांगून पुढे जा, लपवू नका. ट्रान्सक्रिप्ट समोरच असते.

काजवा७

मंदाकिनीताई, शिफारसपत्र विभागप्रमुखांचे घ्यावे की ज्यांनी प्रॅक्टिकल घेतले त्या मॅडमचे?

मंदाकिनी

प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमचे, डोळे मिटून. "हा विद्यार्थी हुशार आणि मनमिळाऊ आहे" असल्या पत्राला वजन नसते, खाली सही कोणाचीही असो. "वाचन बिघडले तर जर्नलमध्ये तसेच ठेवते, पुन्हा घेते आणि दोन्ही दाखवते" हे एक वाक्य पुरते. फॉरेन्सिकमध्ये प्रामाणिकपणा ही तांत्रिक पात्रता आहे.

मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी विचारा. सोबत ट्रान्सक्रिप्ट, एसओपीचा कच्चा मसुदा, प्रत्येक ठिकाणची अंतिम तारीख आणि तुमच्या प्रकल्पाचे चार-पाच ओळींत वर्णन द्या. दोन आठवडे उरले की एकदा नम्र आठवण करा.

तटस्थ

कोणी बोलले नाही म्हणून सांगतो : पार्श्वभूमीची तपासणी. इंटर्नशिपलाच पोलीस पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी, आर्थिक व्यवहारांची चौकशी, काही ठिकाणी पॉलिग्राफसुद्धा होतो. जुनी क्षुल्लक चूक बहुतेक वेळा चालून जाते. फॉर्मवर ती लपवलेली सापडली तर मात्र चालत नाही, कारण उद्या कोर्टात बचावाचा वकील तीच बाहेर काढून संपूर्ण साक्ष मोडीत काढू शकतो.

रंगांधळेपणा असेल तर आधीच तपासून घ्या. रंगचाचण्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या कामात अडचण येते, आणि अनेक लॅब भरतीच्या वेळी रंगदृष्टी तपासतात. शिवाय डीएनए लॅबमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा, विद्यार्थ्याचाही, नमुना वगळणी-यादीसाठी (लॅबमधल्यांचाच डीएनए चुकून मिसळला तर ओळखता यावा म्हणून) घेतला जातो. त्याला तयार राहा.

निरीक्षा

वाचतेय, खूप उपयोगी. आता आत गेल्यावरचे सांगा. पहिल्या सेमिस्टरला कुठे अडते?

ठसा_अर्धवट

लिहिण्यावर अडते. सगळ्यांचे.

नोंद काम करत असतानाच करायची. कच्च्या चिठोऱ्यावर लिहून संध्याकाळी वहीत सुवाच्य उतरवणे ही आपली कॉलेजातली जर्नलची सवय इथे मोडावी लागते, कारण तो चिठोरा हीच मूळ नोंद आणि तो फेकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. पेनने लिहायचे. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला आद्याक्षरे आणि तारीख. व्हाइटनर नाही, पान फाडणे नाही.

पाकिटांतही असेच. रक्ताचे डाग असलेले कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंडले की ओल अडकते, बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. म्हणून आधी वाळवून कागदी पिशवी. जळालेल्या ठिकाणचा राडारोडा नेमका उलट : कागदात किंवा साध्या पॉलिथीनमध्ये ठेवला तर पेट्रोलची वाफ निघून जाते, म्हणून हवाबंद धातूचा डबा किंवा नायलॉनची खास पिशवी. डबा काठोकाठ भरायचा नाही, वर वाफेला जागा हवी. पुढे त्याच जागेत कोळशाची पट्टी टांगून डबा साधारण ६० ते ८० अंशांवर बहुधा रात्रभर ठेवतात आणि पट्टीने शोषलेली वाफ जीसी-एमएसला देतात. हा पुढचा टप्पा माहीत असला की पाकिटाचा नियम पाठ करावा लागत नाही.

पिपेट_आणि_टिप

माझ्या मते पहिला धडा कॅसल-मायर या रक्ताच्या प्राथमिक चाचणीत मिळतो. दोन मिनिटांची चाचणी, पण जवळून बघा.

डागावर स्वॅबचे टोक हलके फिरवायचे. त्यावर अल्कोहोलचा एक थेंब. मग रंगहीन केलेल्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब, आणि थांबायचे. इथे घाई केली की चाचणी वाया. याच टप्प्यावर गुलाबी रंग आला तर डागात ब्लीच किंवा तांब्याचे क्षार यांसारखे काही ऑक्सिडीकारक आहे, आणि पुढच्या रंगाला अर्थ उरत नाही. रंग आला नाही तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्त असेल तर काही सेकंदांत गडद गुलाबी. स्वॅब तसाच टेबलावर ठेवला तर थोड्या वेळाने हवेनेच गुलाबी होतो, म्हणून किती सेकंदांत रंग आला हे लिहायचे आणि उशिराचा रंग मोजायचा नाही. बटाटा, मुळा यांच्यातली पेरॉक्सिडेझ एन्झाइमेही रंग देऊ शकतात. त्या दिवशी कामाला सुरुवात करण्याआधी ज्ञात रक्ताचा आणि कोऱ्या स्वॅबचा असे दोन्ही कंट्रोल करून नोंदवायचे.

आणि अहवालात काय लिहायचे? "रक्त आढळले" नाही. "रक्ताच्या प्राथमिक चाचणीस सकारात्मक." मुलांचे गुण इथेच जातात, आणि ते जायलाच हवेत.

बेंझीन_वलय

असाच धडा जीसी-एमएसमध्ये. मेथअ‍ॅम्फेटामिनच्या स्पेक्ट्रमवर (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखावर) सर्वांत उंच पीक ५८ ला, मूळ रेणूचे १४९ जवळजवळ दिसतच नाही. फेंटरमिन या भूक मारणाऱ्या औषधाचेही रेणुसूत्र तेच, वस्तुमान तेच आणि सर्वांत उंच पीक ५८ लाच. संगणकाची लायब्ररी वर एक नाव आणि जुळणीचा मोठा आकडा दाखवते, आणि नवखा विद्यार्थी ते नाव उतरवून मोकळा होतो. म्हणूनच त्याच दिवशी त्याच यंत्रावर चालवलेल्या संदर्भ-नमुन्याचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) जुळवायचा, डेरिव्हेटायझेशन (रेणूला रासायनिक जोड देऊन तो वेगळा ओळखू येईल असा करणे) करायचे आणि दुसऱ्या स्वतंत्र तंत्राने पडताळायचे. डावा-उजवा आयसोमर वेगळा करायचा असेल तर साधा कॉलम कामाचा नाही, कायरल पद्धत लागते.

प्रत्येक नमुन्याआधी द्रावकाचा ब्लँक चालवा. आधीच्या तीव्र नमुन्याचा अंश सुईत किंवा लायनरमध्ये राहतो आणि पुढच्या निर्दोष नमुन्यात उगवतो. ब्लँक नसेल तर तो आलेख टेबलावरच ठेवा, कोर्टात नेऊ नका.

लिंबू_टिंबू

शून्य_नमुना हा आयडी का घेतला ते आता कळले :)

ठसा_अर्धवट

अवांतर, पण ब्लँकवरून आठवले. जर्मनीत १९९३ ते २००९ या काळातल्या अनेक गुन्ह्यांच्या जागी एकाच स्त्रीचा डीएनए सापडत होता. खून, घरफोड्या, सगळीकडे तीच. तपास यंत्रणा कित्येक वर्षे तिच्या मागे. शेवटी कळले की तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या स्वॅबवरच होता, स्वॅब बनवण्याच्या कामातल्या एका महिलेचा. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. निर्जंतुकीकरणाने जीव मरतो, रेणू राहू शकतो. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे मानक आले. न वापरलेल्या स्वॅबचा ब्लँक प्रत्येक लॉटमधून नियमितपणे चालवला असता तर?

आणखी एक अवांतर : ठशांच्या वर्गीकरणाला ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीचे नाव आहे, पण गणिताचा मोठा भाग अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला तो याच कामाच्या जोरावर. इतिहासाचा पेपर असेल तर उत्तरात ही दोन नावे जरूर लिहा.

काजवा७

ठशांच्या प्रॅक्टिकलमध्ये रसायनांचा क्रम सारखा विसरायला होतो.

ठसा_अर्धवट

पाठ करू नका, कारण समजून घ्या. कागदावर आधी नुसत्या डोळ्यांनी आणि निरनिराळ्या प्रकाशांत पाहणी, फोटो. मग १,२-इंडेनडायोन किंवा डीएफओ, मग निनहायड्रिन, शेवटी फिजिकल डेव्हलपर. पहिली तिन्ही घामातल्या अमिनो आम्लांवर चालतात. फिजिकल डेव्हलपर पाण्यात न विरघळणाऱ्या घटकांवर चालतो आणि तो स्वतः पाण्यातला, म्हणजे तो आधी वापरला तर अमिनो आम्ले धुऊन जातात आणि मागे फिरता येत नाही. कागद आधीच भिजून वाळलेला असेल तर पहिल्या तिघांतून फारसे हाती लागणार नाही, सरळ शेवटच्याकडे जा.

काच, प्लॅस्टिक यांसारख्या गुळगुळीत वस्तूंना सुपरग्लूची धुरी, सुमारे ८० टक्के आर्द्रतेत, आणि मग चमकणारा रंग. आर्द्रता कमी पडली तर कडा पुसट येतात, धुरी जास्त झाली तर रेघांमधल्या खाचाही भरतात आणि सगळेच पांढरे होते. बाजूला स्वतःचा मुद्दाम उमटवलेला ठसा ठेवा, तो उमटला की थांबा. डीएनएही हवा असेल तर स्वॅब कधी घ्यायचा ते आधी ठरवा.

साक्षीपुरावा

आता स्टॅटिस्टिक्स, कारण सगळ्यात जास्त मुले त्यालाच घाबरतात आणि नेमके तेच टाळतात.

समजा, एखादी अर्धवट डीएनए प्रोफाइल लाखात एका माणसात सापडते. "संशयित निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक" हे विधान साफ चुकीचे आहे. २० लाख लोकवस्तीत ती प्रोफाइल असलेली साधारण २० माणसे निघतील आणि संशयित त्यांतला एक. बाकी पुरावा काही नसेल तर तो गुन्ह्याच्या जागी आला होता हे या आकड्याने ठरत नाही. या घोटाळ्याला सरकारी पक्षाचा तर्कदोष म्हणतात, आणि तो तज्ज्ञाच्या तोंडून बाहेर पडला तर निकाल फिरू शकतो.

म्हणून तज्ज्ञ लाइकलिहूड रेशो देतो : नमुना याच व्यक्तीचा असता तर हा निकाल दिसण्याची शक्यता, भागिले तो दुसऱ्या कोणा अनोळखी व्यक्तीचा असता तर दिसण्याची शक्यता. व्यक्ती दोषी आहे का, हे ठरवणे कोर्टाचे काम. एसओपीत मंदाकिनीताई म्हणतात तसा संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर याच भागात मुबलक आहेत. २००९ चा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल वाचा. डीएनए सोडला तर बहुतेक तुलनात्मक शाखांचा पाया किती तपासायचा राहिला आहे, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

पिपेट_आणि_टिप

याला जोडून, डीएनएत पेशींची संख्या कमी झाली की काय होते तेही समजून घ्या. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए. एसटीआर (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) मोजणाऱ्या किटना साधारण अर्धा ते एक नॅनोग्रॅम लागतो, म्हणजे १ नॅनोग्रॅमला दीडशेच्या आसपास पेशी. हँडलवर चारदोन बोटे लागली असतील तर तेवढ्या मिळत नाहीत, मग एखादा अ‍ॅलील (डीएनएच्या त्या जागेचा एक प्रकार) दिसतच नाही आणि दोन अ‍ॅलील असलेला माणूस एकाचाच वाटतो. शिवाय खऱ्या पीकच्या एक रिपीट मागे स्टटर, म्हणजे प्रती काढताना उठणारे छोटे खोटे पीक, येतो. दोघांच्या मिश्रणात तो स्टटर आहे की दुसऱ्या माणसाचा खरा अ‍ॅलील, हा प्रश्न मुलांनी हाताने सोडवून पाहिलेला असावा. नुसते सॉफ्टवेअर चालवायला शिकवणारा कोर्स असेल तर मुलाखतीत विचारा.

मातीतले ह्युमिक आम्ल, रक्तातले हीम, डेनिमची निळी यांनी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडतो. तेव्हा नमुना वाढवण्याऐवजी पातळ केल्यावर निकाल येतो, हे पहिल्यांदा कोणालाच पटत नाही.

तटस्थ

थिसिससाठी दोन गोष्टी. माणसांचे नमुने वापरणार असाल तर नैतिक समितीची परवानगी पहिल्याच महिन्यात मागा. ती यायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर एकही नमुना घेता येत नाही. आणि विषय लहान घ्या. "गोळीबाराच्या अवशेषांचा अभ्यास" हा विषय नव्हे. "अमुक कापडावरचे कण अमुक तासांनी किती उरतात, प्रत्येक वेळेला दहा नमुने" हा विषय.

निरीक्षा

सर्वांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. मंदाकिनीताई, तुमच्या सांगण्यावरून एसओपीसाठी नमुन्यादाखल काही ओळी लिहिल्या आहेत. कशा वाटतात?

"पदवीच्या प्रकल्पात दोन काळ्या बॉलपेनांच्या शाया टीएलसीने (पातळ थरावर रंग वेगळे करण्याच्या पद्धतीने) तपासल्या. द्रावक इथिल अ‍ॅसिटेट, इथेनॉल आणि पाणी, ७०:३५:३० या प्रमाणात. सुरुवातीला सगळे पट्टे वाहत गेले, कारण थेंब फार मोठे पडत होते. केशनळीने छोटे थेंब लावल्यावर पट्टे सुटे झाले. दोन्ही शायांचे पट्टे एकाच उंचीवर, एकाच रंगाचे आले. त्यावरून दोन्ही शाया एकच आहेत हे सिद्ध झाले."

मंदाकिनी

सुरुवात छान आहे. थेंबाचा भाग आहे तसाच ठेवा, त्यातून हात दिसतो. कागदाचा ब्लँक लावला होता का ते एका वाक्यात घाला.

शेवटचे वाक्य बदला. टीएलसीला तेवढे म्हणता येत नाही.

बेंझीन_वलय

ब्यूटेनॉल, इथेनॉल, पाणी ५०:१०:१५ या दुसऱ्या प्रणालीतही चालवून बघायला हवे होते, हेही लिहा. पहिलीत एकत्र चढणारे रंग दुसरीत कधीकधी फुटतात.

निरीक्षा

बदलले :

"कोऱ्या कागदाच्या ब्लँकमध्ये एकही पट्टा आला नाही. या द्रावक प्रणालीत दोन शायांमध्ये फरक दिसला नाही. दुसऱ्या प्रणालीत त्या तपासल्या नव्हत्या."

मंदाकिनी

आता पाठवा.